तीस खाटांची तुळसा

"...आणि काल तिन्हीसांजेक देवाकडे दिवो कोणी लावल्यान? मी लावलंय! एकाहत्तर वर्सां झाली माका. तू खंय होतंस?"

"सांगान गेललंय तुमका, आये. रात्रपाळीक कोण नाय म्हणान."

"दुपारच्या पाळीक तू, रात्रपाळीक तू. उद्या सकाळच्या पाळीक पण तूच काय?"

"सकाळचे दोन तास पण मीच होतंय," तुळसा म्हणाली आणि चपला काढून पडवीच्या पायरीवर बसली. साडेदहा वाजून गेले होते. काल दुपारी दोनला ती घरातून बाहेर पडली होती. तिच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीवर आयोडिनचा तपकिरी डाग होता आणि केसांतली पिन निसटून कानावर आली होती. तेवढं तिच्या सासूला, यमुनाबाईला दिसलं. पण तोंड सुरू झालं की मध्येच थांबवायची तिला सवय नव्हती. पंचेचाळीस वर्षं बाजारात मासे विकलेली बाई ती. गिऱ्हाईक पाठ फिरवून चालायला लागलं तरी तिचं वाक्य पुरं व्हायचं.

"किरण सिस्टर बदली घेवन तिच्या गावाक गेली," तुळसा सांगत होती. "तिच्या जाग्यार कोण इला नाय. सात सिस्टर होयी थंय. एक बाळंतपणाच्या रजेर आसा. उरलंव दोघी."

"म्हणजे शाणी होती ती गेली. तूच एक रवलंस!"

दारापुढच्या खळ्यात बाबली जाळं पसरून बसला होता. आई आणि बायकोच्या भांडणात त्याची सुई नेहमी जोरात चालायची. आताही चालत होती.

"आणि तू काय सुई घालून बसलंस? बोल की! कौस्तुभान कागद पाठवल्यान तो दाखय तिका."

कागद काही नवा नव्हता. तो आठ दिवस टीव्हीखाली पडून होता. कौस्तुभ, थोरला नातू, गोव्यात कारखान्यात होता. आईचे हाल बघवत नाहीत म्हणून त्याने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज छापून पाठवला होता. चोवीस वर्षं सेवा झालेली, अर्ज मंजूर व्हायला अडचण नव्हती. फक्त तुळसाची सही हवी होती.

यमुनाबाईचं दुखणं खोटं नव्हतं. पहाटे किनाऱ्यावर जायचं, होड्या लागल्या की लिलावात मासे घ्यायचे, अकरापर्यंत बाजारात बसायचं, मग घरी येऊन चार माणसांचं रांधायचं. घरात सून असून चूल काही तिच्या हातून सुटत नव्हती. शेजारच्या बायका ह्याच वयात सुनेच्या हातची पेज पिऊन ओटीवर पाय पसरून बसत. तेवढंच यमुनाबाईला हवं होतं. आयुष्यात एकदा पाय पसरून बसायचं.

तुळसा उठली. उभ्याउभ्याच तिने ताटात भात घेतला, त्यावर कालची तिरफळाची आमटी ओतली.

"चतुर्थी होवंदे," चार घास पोटात गेल्यावर ती म्हणाली. "चतुर्थी झाली की सही करतंय."

आणि हात धुऊन जाऊन आडवी झाली. दोन मिनिटांत तिला झोप लागली.

यमुनाबाई जिंकली होती. तरी तिला पाहिजे तेवढं बरं वाटलं नाही. गिऱ्हाइकाने घासाघीस न करताच मासे उचलावेत, तसं काहीतरी झालं.

तुळसा मूळची ह्या किनाऱ्याची नव्हती. कुडाळच्या पलीकडच्या, भात आणि काजूवर जगणाऱ्या गावातली. लग्न होऊन खाजणवाडीत आली तेव्हा तिला बांगडा आणि तारली ह्यातला फरक कळत नव्हता. यमुनाबाईने पहिल्याच आठवड्यात तिची परीक्षा घेतली होती आणि तिने सुरमईला मोरी मासा म्हटलं होतं. वाडीभर हसं झालं. पण सावंतवाडीला राहून तिने नर्सिंग केलेलं होतं, आणि वाडीत सरकारी नोकरीवाली सून दुसऱ्या कोणाकडे नव्हती. त्यामुळे पहिला महिनाभर यमुनाबाईने बाजारात ते पुष्कळ मिरवलं. मग तिच्या लक्षात आलं की नर्स सून म्हणजे घरात नसलेली सून.

कौस्तुभ चाळीस दिवसांचा असताना तापाची साथ आली, तर ही रजा संपायच्या आधीच कामावर हजर. दिराच्या लग्नात हळदीच्या दिवशी ड्युटी. धाकट्या तन्वीच्या पहिल्या वाढदिवसाला केक कापायला आई आली ती रात्रीच्या जेवणाला, तोवर पोर झोपून गेली होती. आणि चतुर्थीचं तर विचारू नये. चोवीस चतुर्थ्यांपैकी सात-आठ चतुर्थ्यांना गणपतीसमोरचं पान यमुनाबाईनेच वाढलं होतं.

"तिका काय, थंय पंख्याखाली बसान पगार घेवचो," असं ती बायकांत सांगायची. हॉस्पिटलात ती कधी पडली नव्हती. तिची चारही बाळंतपणं घरात झालेली. तीस खाटांचं ते सरकारी रुग्णालय घरापासून पाऊण मैलावर होतं, पण तिने ते बाहेरूनच बघितलेलं, तेही माशांची पाटी डोक्यावर घेऊन जाताना.

ते आतून बघायची वेळ एका शिंगाळ्याने आणली.

भांडणानंतर चारेक दिवसांनी लिलावातून घेतलेली पाटी निवडताना शिंगाळ्याचा काटा तिच्या उजव्या तळव्यात आरपार शिरला. ह्या माशाचा काटा विषारी असतो हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत. यमुनाबाईने काटा उपटून टाकला, हळद भरली, वर फडकं बांधलं आणि दोन दिवस डाव्या हाताने मासे विकले. तिसऱ्या दिवशी हात तौशासारखा, जाड काकडीसारखा सुजला आणि तांबडी रेघ कोपरापर्यंत चढली. तिने तो पदराखाली लपवला. भाकरी वाढताना तुळसाने पदर बाजूला केला, एकदाच बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "रिक्षा हाड."

"मी खंय येवचंय नाय," यमुनाबाई म्हणाली.

"इलास नाय तर हात कापूचो लागतलो," तुळसा म्हणाली. आवाज चढवला नाही, घाबरवायलाही ती बोलली नाही. बाहेर पाऊस पडतोय म्हणून सांगावं तसं ते तिने सांगितलं. त्यामुळे यमुनाबाई मुकाट्याने रिक्षात बसली.

तिला नऊ नंबरची खाट मिळाली. दरवाजाजवळच्या कोपऱ्यात.

"आजी, हात उशीवर उंच ठेवा. खाली घ्यायचा नाही," तुळसा सलाईन लावताना म्हणाली.

यमुनाबाई चमकली. "आजी? घराकडे आये आणि हंय आजी?"

"हंय सगळ्यांक आजीच म्हणतंय," तुळसा हळूच म्हणाली. "तुमका येगळा म्हटलंय तर बाकीची म्हातारी रुसतली." आणि पुढच्या खाटेकडे गेलीसुद्धा.

पहिला दिवस यमुनाबाई फुगूनच होती. ह्या बाईचं घर आपण चोवीस वर्षं सांभाळलं आणि आपल्या वाट्याला तिची दोन मिनिटं यावीत! पण खाटेवर पडून माणूस किती वेळ फुगून राहणार? डोळे उघडे होते, कान उघडे होते, आणि समोर तो वॉर्ड होता. बाळंतिणींची खोली बंद करून त्यांनाही इथेच आणलं होतं, कारण दोन खोल्या सांभाळायला दोन सिस्टर नव्हत्या. तीस खाटांच्या रुग्णालयात चौतीस माणसं होती. बायकांच्या वॉर्डात दोन गाद्या जमिनीवर होत्या. पुरुषांचा वॉर्ड व्हरांड्याच्या त्या टोकाला. आणि दोन्हीकडे मिळून एक तुळसा.

यमुनाबाईला हा सगळा प्रकार बाजारासारखा वाटला. बाजारात चार गिऱ्हाइकं एकदम ओरडतात तेव्हा जो मोठ्याने ओरडतो त्याला आधी माल मिळतो. पण तुळसा आधी गप्प पडलेल्यांकडे जात होती. पाच नंबरची बाई सकाळपासून "सिस्टर, सिस्टर" करून जीव खात होती, तिला हाताने 'थांबा' करून तुळसा अकरा नंबरकडे गेली. अकरा नंबरची म्हातारी भिंतीकडे तोंड करून निवांत झोपलेली दिसत होती. तुळसाने तिची पापणी वर केली, नखं बघितली, ओठ बघितले. कल्ला उचलून मासळी बघावी तसं, यमुनाबाईच्या मनात आलं. मग तुळसा पळाली आणि डॉक्टरीण बाईंना घेऊन आली, आणि त्या दोघी अर्धा तास त्या म्हातारीच्या खाटेपासून हलल्या नाहीत.

"झोपलली ना गो ती?" यमुनाबाईने नंतर विचारलं.

"साखर उतरलली. आणखी तासभर झोपली असती तर उठली नसती."

"तुका कसा कळला?"

"सकाळी माझ्याकडे तिना दोनदा चाय मागल्यान. तिसऱ्यांदा मागूक नाय." तुळसा म्हणाली. "बोंबलता तो जिवंत आसा. गप रवता तेका बगूचा लागता."

पण सगळीकडे ती पोचत नव्हती, हेही यमुनाबाईने बघितलं. तेरा नंबरची ओली चादर सकाळी आठपासून साडेअकरापर्यंत तशीच होती. सात नंबरचं सलाईन संपलं आणि नळीत रक्त चढायला लागलं, तेव्हा तिच्या नवऱ्याने घाबरून स्वतःच चक्री फिरवली. तुळसा तेव्हा पुरुषांच्या वॉर्डात होती. दुपारी एकची गोळी तीन वाजता मिळाली. रात्री दुसरी सिस्टर यायची ती तीही तशीच, एकटी. आणि एवढ्या सगळ्यातून वेळ काढून तुळसाला टेबलावर बसून वह्या भरायच्या होत्या. कोणाला काय दिलं, किती वाजता दिलं, ताप किती, लघवी किती. त्या पाच मिनिटांत कोणी वॉर्डात आलं की त्याला ती बसलेलीच दिसायची.

सात नंबरचा नवरा नेमका त्याच वेळी आला.

"काय ओ सिस्टर, आमचा मानूस मरतासा आणि तुमी लिवत बसलास? सरकारचो पगार खातास ना? फुकटचो!"

तुळसाने वही मिटली. "दोन मिनिटं, दादा, आलेच," ती म्हणाली. चोवीस वर्षं ऐकलेल्या माणसाचा तो आवाज होता.

पण नऊ नंबरच्या खाटेवरून दुसराच आवाज आला. बाजाराच्या एका टोकाची सुरमई दुसऱ्या टोकाला विकणारा.

"ए मेल्या! पगार खाता म्हणतस? तुझ्या बायलेची बाटली तीनदा कोणी बदलल्यान? सकाळी तू चाय पिवक गेलंस तो बारा वाजता इलंस, तेव्हा तिची उलटी कोणी काढल्यान? तुझ्या बापाशीन?"

"आजये, तुमका कोणी इचारल्यान?"

"मी तिची सासू! तिका बोलूचो हक्क माझो. चोवीस वर्सां मी बोलतंय. तू खयचो नवो उपटलंस?"

वॉर्ड हसला. अकरा नंबरची म्हातारीसुद्धा हसली. सात नंबरचा नवरा सटकला आणि थोड्या वेळाने बिस्किटांचा पुडा घेऊन परत आला. पुडा त्याने टेबलावर ठेवला. तुळसाने तो जमिनीवरच्या गादीवरल्या पोरीला दिला.

यमुनाबाई मात्र उशीला टेकली. 'फुकटचो पगार' हे शब्द त्या माणसाचे नव्हतेच. ते तिचेच होते, बाजारातून फिरून परत आले होते.

दहा नंबरला प्रियांका होती. बावीस-तेवीस वर्षांची, घाटाकडच्या अंगाच्या एका खेड्यातली, पहिलटकरीण. मूल पोटात उलटं बसलं होतं, पाय खाली आणि डोकं वर. गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं. भूल देणारे डॉक्टर रुग्णालयात आठवड्यातून फक्त गुरुवारी यायचे, म्हणून गुरुवार. त्याआधी कळा सुरू झाल्या तर तिला गाडीत घालून दीड तास लांब जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावं लागलं असतं.

गुरुवारी सकाळी प्रियांकाची आई आंघोळीला गेली होती. साडेसहाच्या सुमारास बाबलीने घरून डबा आणला. तांबड्या तांदळाची गरम पेज आणि तळलेली सुकट. वास वॉर्डभर पसरला. प्रियांकाने मान फिरवली.

"काय गो, भूक लागली?" यमुनाबाईने विचारलं.

"रात्रीपासून काय खावक देवक नाय, आजये. काय खावचा नाय म्हणान सांगल्यानी."

खायचं नाही म्हणजे नाहीच. यमुनाबाईला ते मान्य होतं. सुकट तिने बाजूला ठेवली. पण दोन जीवांची पोर, रात्रभर उपाशी, आणि तिच्यासमोर आपण पेज प्यायची? पेज म्हणजे काही जेवण नव्हे. पेज आजाऱ्याला देतात, उपासाच्या दुसऱ्या दिवशी देतात, नुकत्या बाळंत झालेल्या बाईला देतात. आमच्याकडे जेवलास का विचारल्यावर 'नाय, पेज तेवढी पिलंय' असंच सगळे सांगतात. तिने डाव्या हाताने डब्याच्या झाकणात पेज ओतली.

"ह्या पी. पोटाक आधार होतलो."

प्रियांका गटागटा प्यायली. मग आणखी अर्धं झाकण.

साडेनऊला स्ट्रेचर आला. भुलीचे डॉक्टर आले होते, ऑपरेशनच्या खोलीचे दिवे लागले होते. तेजस्वी मॅडम, तरुण डॉक्टरीण बाई, कागद हातात घेऊन उभ्या होत्या.

"प्रियांका, काल रात्रीपासून काही खाल्लं नाहीस ना?"

"नाही मॅडम. काहीच खाल्लं नाही," प्रियांका शहरी भाषेत, खरं खरं म्हणाली.

मॅडमनी खूण केली. स्ट्रेचर हलला. तुळसा त्या वेळी खालच्या खोलीत मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाच्या डोक्याला टाके घालायला मदत करत होती. ती जिन्याने धावत वर आली. हातमोजे काढत तिने चालत्या स्ट्रेचरवर हात ठेवला आणि तिच्या घरच्या भाषेत विचारलं:

"प्रियांका, पेज कितक्या वाजता पिलंस गो?"

"साडेसहाक," प्रियांका म्हणाली. "त्या नव नंबरच्या आजयेन दिल्यान. बरी होती. मीठ मात्र कमी होता."

स्ट्रेचर थांबला. तेजस्वी मॅडमच्या हातातला कागद खाली आला. भुलीचे डॉक्टर दारातून बाहेर आले.

"म्हणजे पोट भरलेलं आहे? पूर्ण भूल द्यावी लागली असती तर सगळं श्वासनळीत गेलं असतं. कोणी दिली पेज? इथे सिस्टर काय करतात?"

कोपऱ्यातल्या खाटेवर यमुनाबाईने झाकण डब्याखाली सारलं. शहरी मराठी तिला सगळी कळत होती.

"चूक माझी आहे, सर," तुळसा म्हणाली. "ऑपरेशनच्या प्रत्येक पेशंटला आणि शेजारच्या खाटांनाही मी आदल्या दिवशी स्वतः सांगते की पेजसुद्धा द्यायची नाही. काल दुपारी सांगायचं राहिलं. तीन तास प्रसूतीच्या खोलीत अडकले होते."

"मला अडीचला दुसरीकडे केस आहे. आता दीडच्या आधी हिला हात लावता येणार नाही. पुढच्या गुरुवारी बघू."

"पुढच्या गुरुवारपर्यंत ही थांबणार नाही, सर. काल संध्याकाळपासून पोट कडक होतंय, मी वेळा लिहून ठेवल्यात. पाय खाली आहेत. वाटेत पाणी गेलं आणि नाळ खाली आली तर गाडीत मी काय करणार?"

ती आवाज न चढवता बोलत होती. 'हात कापूचो लागतलो' म्हणाली होती तशीच. भुलीच्या डॉक्टरांनी तिने पुढे केलेली वही घेतली. वेळा बघितल्या. पान उलटून मागचंही बघितलं.

"सिस्टर, सगळं ठीक आहे. पण तुम्ही पेजच कशी काय विचारलीत?"

"इकडे काही खाल्लंत का विचारलं की नाही म्हणतात, आणि ते खरंच असतं. पेज कोणी खाण्यात धरत नाही. माझ्या माहेरी मीही धरत नव्हते."

डॉक्टरांनी वही मिटून तिला परत दिली. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि कोणाला तरी आपली केस संध्याकाळी घ्यायला सांगितलं. "मी दहा वर्षं ह्या जिल्ह्यात भूल देतोय," फोन ठेवताना ते तेजस्वी मॅडमना म्हणाले, "आणि हा प्रश्न मी एकदाही विचारलेला नाही. आजपासून विचारणार."

दीड वाजता प्रियांकाला आत नेलं. दोन वाजून दहा मिनिटांनी आतून रडण्याचा आवाज आला आणि तिच्या आईने खाली बसून जमिनीला हात लावून डोक्याला लावला. मुलगी झाली होती. मग वॉर्डात चर्चा सुरू झाली की पोट फाडून काढलेलं मूल पायाळू धरायचं की नाही. पायाळूने लाथ मारली की भरलेली पाठ सुटते, त्यामुळे प्रश्न महत्त्वाचा होता.

"पाय खाली होते म्हणजे पायाळूच!" पाच नंबरची म्हणाली. "माझी पाठ कालपासून भरली हा. हाडा तिका हंय."

ह्या चर्चेत यमुनाबाई नव्हती.

तुळसा तिच्याकडे आली ती चार वाजता, पट्टी बदलायला. तिची पाळी दोनलाच संपली होती. यमुनाबाई बोलणी खायच्या तयारीने बसली होती. तुळसाने तिचा हात मांडीवर घेतला. जुनी पट्टी सोडवली, जखम दाबून बघितली, पू येत नव्हता.

"माका बोल गो," शेवटी यमुनाबाईच म्हणाली. "एवढा माझ्यामुळे झाला. तू आपणार घेतलंस."

"तुमका काय बोलू? तुमका कोणी सांगूक नाय. सांगूचा काम माझा."

"तू सही करून घराकडे बसलंस, मगे हंय पेजेचा कोण इचारतला?"

तुळसा पट्टी गुंडाळत राहिली. एक वेढा, दुसरा वेढा. तिसऱ्या वेढ्याला ती थांबली.

"माका सोडूची नाय ओ आये," ती म्हणाली. ह्या वॉर्डात तिने पहिल्यांदाच 'आये' म्हटलं. "सोडूची नाय. पण दोनय जाग्यार मी पुरणय नाय. घराकडे इलंय की हात चलनत नाय माझे. तुमी बोलतास ता खोटा न्हय. खयतरी एक सोडूकच होया."

तिने पट्टीचं टोक चिकटवलं आणि पाच नंबरकडे गेली, कारण पाच नंबर पुन्हा बोंबलत होती.

यमुनाबाई आणखी दोन दिवस तिथे होती. त्या दोन दिवसांत वॉर्डाला एक नवी सोय झाली. "तुळसा! सातची बाटली संपाक इली!" ही हाक व्हरांड्याच्या त्या टोकाला पुरुषांच्या वॉर्डात ऐकू जायची. नळीत रक्त चढायला वेळ मिळत नसे. नव्याने येणाऱ्या प्रत्येक बाईला यमुनाबाई खाटेवरूनच सांगायची, "ऑपरेशन आसा? मगे पेज नको, चाय नको, कोणी प्रेमान दिली तरी नको. मी दिलंय आणि काय झाला ता इचार." स्वतःची चूक ती अशी ठासून सांगायची की ऐकणारीला तो मोठा पराक्रम वाटावा. आणि गोष्टीच्या शेवटी, न चुकता, टेबलाकडे बोट करायची. "ती माझी सून. तिना वळाखल्यान. डॉक्टराक वळाखता येवक नाय."

बाजारातून तिला बघायला आलेल्या तीन कोळणींना तिने ही गोष्ट तीन वेळा सांगितली. त्यांतली एक म्हणाली, "पण तू तर म्हणा होतंस, पंख्याखाली बसता म्हणान."

"पंखो बंद आसा हंयचो," यमुनाबाई म्हणाली. "वर बग."

शनिवारी दुपारी बाबलीने तिला घरी आणलं. हात अजून पट्टीत होता, पण रेघ उतरली होती. कौस्तुभ गोव्याहून आजीला बघायला आला होता. तन्वीने चहा केला. तिनेच घर झाडून ठेवलं होतं. तुळसा ड्युटी संपवून साडेतीनला आली. पाय धुऊन ती चुलीकडे वळणार एवढ्यात कौस्तुभ म्हणाला, "आये, मी येतलंय सोमवारी तुझ्यावांगडा ऑफिसात. चतुर्थीची वाट कित्याक बघूची? आजी पण आता आजारी. अर्ज देवनच टाकूया."

तुळसा भांड्यावरचं झाकण हातात घेऊन उभी राहिली.

"तुळसा, बस थंय," यमुनाबाई म्हणाली.

"तांदूळ धुवचे हत."

"बस म्हटलंय. बाबली, तू पण हंय ये. जाळा पळना नाय."

बाबली आला आणि दाराच्या चौकटीला टेकला. सगळे जमल्यावर यमुनाबाईने पट्टीचा हात मांडीवर ठेवला आणि भाव सांगावा तसं, एका दमात, सांगून टाकलं:

"तुळसा नोकरी सोडूची नाय. माका वॉर्डात तिना सांगल्यान, तिका सोडूची नाय, म्हणान तिका परत इचारणय नाय. सोमवारपासून घरातला रांदाप बाबलीन करूचा. होडयेर चार खलाशांचा रांदता, मगे घरात चार मानसांचा रांदूक तेचे हात झडाचे नाय. दिवाबत्ती तन्वी करतली. कौस्तुभा, तू इलंस की आपले कपडे आपण धुवूचे. आणि चतुर्थीक तिची ड्युटी असली तर आरती ती इल्यावर करूची, मगे रात्रीचे नव वाजले तरी चलात. झाला. बाबली, तांदूळ धू."